उत्तराखाली सही कोणाची?

“सर, फुकटच्या सॉफ्टवेअरवर काढलेला रिपोर्ट मी कंपनीला कोणत्या तोंडाने दाखवू?” भोसरीतल्या एका कारखानदारांचा हा प्रश्न. ते ट्रकचे ब्रॅकेट बनवतात. पंधरा-वीस माणसं कामाला आहेत, आणि टेबलावर सिम्युलेशनच्या एका लायसन्सचं कोटेशन पडलेलं. तेवढ्या पैशात त्यांच्याकडे एक जुनं सीएनसी मशीन उभं राहिलं असतं.

प्रश्न प्रामाणिक आहे. त्यामागचा पूर्वपक्ष मी गेली अठरा वर्षं ऐकतो आहे: पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर बरोबर उत्तर देतं, कारण त्याच्यामागे कंपनी उभी असते, फुकटचं कोणी लिहिलं, कोणास ठाऊक!

कोणी लिहिलं ते चांगलं ठाऊक आहे. कोड-ॲस्टर हा सॉल्व्हर, म्हणजे ताणाचा हिशेब सोडवणारा कोड, फ्रान्सच्या ईडीएफ या वीजकंपनीने १९८९पासून स्वतःच्या कामासाठी घडवला. अणुवीज केंद्रातल्या भागांचं आयुष्य ती त्यावर तपासते, आणि २००१पासून तो सर्वांना खुला आहे. कॅल्क्युलिक्स लिहिणारे दोघे म्युनिकच्या एमटीयू या विमान-इंजिनांच्या कंपनीतले अभियंते. ओपनफोम लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वाढलं आणि २००४ साली खुलं झालं. आता उलट्या बाजूने पाहा. नॅस्ट्रान नासाने सरकारी पैशातून करवून घेतलं. गाड्यांच्या धडकेसाठी जगभर विकल्या जाणाऱ्या एलएस-डायनाचं मूळ लिव्हरमोरच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या डायना-थ्रीडीत आहे, आणि तो कोड १९७८मध्ये लोकांना वाटला गेला होता. धडकेचाच दुसरा सॉल्व्हर, रेडिऑस, कित्येक वर्षं विकल्यानंतर अल्टेअरने २०२२मध्ये खुला केला. दोन्हीकडच्या सॉल्व्हरांचं गोत्र एकच आहे. फुकट आणि विकत यांच्यात जी भिंत आपण समजतो, ती निदान गणितात तरी नाही.

मग बरोबर उत्तराची हमी कोण देतं? इथे मला स्लाइपनरची गोष्ट सांगावीच लागते. नॉर्वेच्या समुद्रातल्या एका गॅस-प्लॅटफॉर्मसाठी काँक्रीटचा अजस्र पाया बांधला होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत तो चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत असताना आतली भिंत तडकली आणि काही मिनिटांत सगळा पाया तळाला गेला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. माणसं वाचली, हेच नशीब. हिशेब नॅस्ट्रानवर केलेला होता, म्हणजे नावाजलेल्या सॉफ्टवेअरवर. हिशेबासाठी आकाराचे लहान तुकडे पाडतात, त्या जाळीला मेश म्हणतात. तीन कोठड्यांच्या भिंती जिथे मिळतात तिथली मेश ओबडधोबड होती, त्यामुळे कातर-ताण ४७ टक्के कमी निघाला. त्या जागी सळ्याही अपुऱ्या पडल्या. दिलेल्या मेशचं गणित सॉफ्टवेअरने चोख केलं होतं. मेश मात्र माणसाने दिली होती, आणि आलेला आकडा हाताने ताडून पाहिला गेला नाही.

आता आमच्या बाजूचेही कान धरतो. “ओपन सोर्स म्हणजे खर्च शून्य” असं सांगत फिरणारी मंडळी कारखानदाराची दिशाभूल करतात. एका रबरी बुशच्या कामात कॅल्क्युलिक्सवर माझे नऊ दिवस गेले. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की सॉल्व्हर अडायचा. तेच काम एका मित्राच्या व्यापारी सॉफ्टवेअरवर अर्ध्या दिवसात उरकलं. नऊ दिवसांचा पगार हा खर्चच आहे. घर्षण, रबर, धडक अशी कामं रोजची असतील, किंवा ग्राहक कंपनीच्या करारात अमुक सॉल्व्हरचीच फाईल द्यावी असं लिहिलेलं असेल, तर लायसन्स घ्यावं. एखादंच काम असेल तर ते बाहेरून करून घ्यावं. त्यात कमीपणा कसला?

पण सरळसोट काम, म्हणजे ब्रॅकेट, फ्रेम, पाइपमधला प्रवाह, यांसाठी महागडं लायसन्स घेणं मला पटत नाही. आणि शिकण्यासाठी ते घेणं तर मुळीच नाही. माझा खरा राग इथे आहे. कितीतरी मुलं क्रॅक केलेली प्रत लॅपटॉपवर टाकून हे शास्त्र शिकतात, आणि शिक्षकांना ते माहीत असतं. ती मुलं माझ्याकडे मुलाखतीला येतात. लाल-निळी चित्रं सुंदर असतात. “हे टोक जखडलंय म्हणजे नेमकं काय काय थांबवलंय?” असं विचारलं की मान खाली. बटण दाबलं की आतलं सगळं आपोआप भरलं जातं, मग ते डोळ्यांसमोर येणार कधी? चोरीने सुरू झालेलं शिक्षण आणि न समजलेलं उत्तर, दोन्ही आपण त्यांच्या पदरात घालतो आहोत.

कॅल्क्युलिक्सची फाईल मात्र साधा मजकूर असते. आधी नोडचे आकडे, मग एलिमेंट, मग कोणता नोड कोणत्या दिशेने बांधला, मग भार. प्रत्येक ओळ हाताखालून जाते. मुलाला चूक दिसते, बोट ठेवून दाखवता येते. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प महाविद्यालयांसाठी ओपनफोम, डीडब्ल्यूसिम, स्टीलच्या जोडांसाठी ऑसडॅग अशी साधनं पुढे आणतो आहे, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. प्राचार्यांना यासाठी एका रुपयाचंही टेंडर काढायचं नाही. वेळापत्रकात जागा तेवढी करायची आहे.

भोसरीतल्या त्या कारखान्यात आम्ही याच वाटेने गेलो. त्यांच्याकडे डिप्लोमा झालेला एक मुलगा आहे. त्याला आधी ब्रॅकेटला हात लावू दिला नाही. नाफेम्स या ब्रिटिश संस्थेची एक जुनी कसोटी त्याला दिली: लंबवर्तुळाकार जाड पाटी, वरून एक मेगापास्कल दाब, आणि एका ठरावीक बिंदूवर ताण यायला हवा उणे ५.३८ मेगापास्कल. पहिल्या मेशवर त्याचं उत्तर बरंच लांब पडलं. एक बाजू जखडायची राहिली होती. ती ओळ त्याने स्वतः शोधली. चौथ्या मेशला आकडा ५.३८च्या अगदी लगत आला, तेव्हा तो शॉपमधून धावत मला बोलवायला आला.

ब्रॅकेटच्या रिपोर्टचं पहिलं पान त्या पाटीचं आहे. पुढे तीन मेशची तुलना, मग हाताने मांडलेला वाकण्याचा हिशेब, मग प्रत्यक्ष ब्रॅकेटवर स्ट्रेन गेज चिकटवून घेतलेली मोजणी. खाली सही त्या मुलाची आणि मालकांची. कंपनीच्या अभियंत्याने सॉफ्टवेअरबद्दल काही विचारलं नाही. बोल्टच्या प्रीलोडवर मात्र दोन शंका काढल्या. त्यातली एक रास्त होती. मुलगा सध्या प्रीलोडची ती ओळ पुन्हा लिहितो आहे.