दोष ॲड-ऑनच्या माथी मारू नका

अपडेटनंतर ब्राउझरमधले ॲड-ऑन बंद पडले की एक ठरलेले उत्तर मिळते. ॲड-ऑन जुने झाले, लिहिणाऱ्याने ते सुधारले नाही. सुरक्षितता आणि वेग हवा असेल तर एवढे सोसायलाच हवे.

यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. १४ नोव्हेंबर २०१७ला फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन एकदम थांबली. त्यांना ब्राउझरच्या आतल्या जवळपास प्रत्येक भागाला हात घालता येत असे. त्यामुळे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आत काहीही बदलले की कुठले तरी ॲड-ऑन मोडणारच. ही पद्धत कायम ठेवणे अवघड होते. मोझिलाने ऑगस्ट २०१५मध्येच पूर्वसूचना दिली होती आणि दीर्घ मुदतीच्या ५२व्या आवृत्तीत जुनी ॲड-ऑन २०१८पर्यंत चालू ठेवली, हेही तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पण म्हणून ॲड-ऑनचे लेखक आळशी ठरत नाहीत. ‘क्लासिक थीम रिस्टोरर’ ब्राउझरचा चेहरामोहराच बदलत असे. नव्या पद्धतीत तशी मुभाच उरली नाही. मग त्याच्या लेखकाने सुधारायचे तरी काय? फाइली उतरवून घेणारे ‘डाउनदेमऑल’ २०१९मध्ये परतले, पण त्यासाठी ते नव्याने लिहावे लागले आणि आधीच्या कितीतरी सोयी गमवाव्या लागल्या. ही मंडळी बहुधा फावल्या वेळात, फुकट काम करणारी. त्यांना नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

मे २०१९मध्ये तर लेखकांचा काडीचाही संबंध नव्हता. ॲड-ऑनवरची डिजिटल सही तपासण्यासाठी लागणाऱ्या मोझिलाच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि जगभरची धडधाकट ॲड-ऑन निकामी ठरली. थीम आणि भाषेचे पॅकही त्यात गेले. सही सक्तीची होती, आणि नेहमीच्या आवृत्तीत ही तपासणी बंद करण्याची सोय वापरणाऱ्याला ठेवलेली नव्हती. चूक कंपनीची आणि किल्लीही कंपनीच्याच हाती.

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत लंगडा पडतो तो क्रोमच्या बाबतीत. तिथे ॲड-ऑनला एक्स्टेन्शन म्हणतात. पूर्वी पान जी जी गोष्ट मागवी, ती प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनसमोर येई आणि ती अडवायची की सोडायची हे एक्स्टेन्शन ठरवी. जाहिराती अडवणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ची ताकद यातच होती. एक्स्टेन्शनसाठीच्या ‘मॅनिफेस्ट ३’ या नव्या पद्धतीत नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे. २०२४पासून क्रोम जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद करू लागले. कारण सांगितले खासगीपणाचे. पण परवानगी मिळवलेल्या एक्स्टेन्शनला त्या मागण्या आजही पाहता येतात. काढून घेतले ते अडवणे. म्हणजे डोकावणारा मोकळा आणि राखणदाराचे हात बांधलेले. शिवाय कंपन्यांच्या व्यवस्थापकांनी आपल्या यंत्रांवर धोरणाने बसवलेल्या एक्स्टेन्शनना अडवण्याची मुभा नव्या पद्धतीतही आहे. कार्यालयाला आपल्या जबाबदारीवर जे निवडता येते, ते घरी आपल्याच संगणकावर बसलेल्या माणसाला का निवडता येऊ नये? क्रोम ज्या गूगलचे, तिचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे. हे लक्षात घेतल्यावर तरी नुसत्या ‘विश्वास ठेवा’वर समाधान मानता येत नाही.

‘मग ब्राउझरने कधी बदलायचेच नाही का?’ जरूर बदलावे. पण जुनी सोय काढण्याआधी तेच काम करणारी नवी सोय तयार हवी, आणि ॲड-ऑन बंद करण्याआधी त्यात साठवलेली माहिती बाहेर काढायला अवधी हवा. धोका समजावून सांगितल्यावर शेवटचा होकार-नकार वापरणाऱ्याचा असावा, आणि तोही नेहमीच्या आवृत्तीत. ही मागणी अव्यवहार्य नाही. फायरफॉक्सने मॅनिफेस्ट ३ स्वीकारताना नियमांच्या यादीची नवी पद्धत घेतली आणि मागणी अडवण्याची जुनी मुभाही ठेवली. त्या ब्राउझरवर ‘यूब्लॉक ओरिजिन’ पूर्वीसारखेच चालते.