नाडी बघा, गोळी सोडू नका!
हृदयाच्या अनियमित ठोक्यांविषयी जाहीर आवाहन

सर्व ज्येष्ठ नागरिक, त्यांचे कुटुंबीय, गणेशोत्सव व नवरात्र मंडळांचे कार्यकर्ते, औषध दुकानदार आणि फॅमिली डॉक्टर यांस,



गणेशोत्सवापासून नवरात्रापर्यंतचे दिवस आपल्याकडे आरोग्य शिबिरांचे असतात. मंडपाशेजारी टेबल मांडून रक्तदाब बघितला जातो, बोटाला सुई टोचून साखर तपासली जाते, चष्म्याचा नंबर काढून दिला जातो. यंदा त्या टेबलावर आणखी एक तपासणी व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिला यंत्र लागत नाही, खर्च येत नाही, वेळ लागतो मिनिटभर. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी बघावी आणि ती एका लयीत चालते आहे का, एवढेच सांगावे.

मी स्वतः एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले 'एएफ', घेऊन जगते. छातीतली धडधड, तपासण्यांची रांग, रात्री कुशीवर वळले की कानात ऐकू येणारे वेडेवाकडे ठोके, आणि 'आता पुढे काय' ही भीती मला माहीत आहे. पण या आजारात खरा धोका धडधडीचा नसून गुठळीचा असतो, आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो. हे वेळेवर न कळल्यामुळे कुणी अंथरुणाला खिळू नये, यासाठी हे लिहिते आहे.

हा आजार नेमका काय?

निरोगी हृदयात उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या गाठीतून विजेचा इशारा निघतो आणि सगळे हृदय त्या तालावर चालते. एएफमध्ये वरच्या दोन कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इशारे वाटेल तसे उठतात. कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यातले काही इशारेच खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, तेही अनियमित. म्हणून नाडी कधी भरभर लागते, कधी अडखळते, कधी एक ठोका जोरात तर पुढचा जेमतेम जाणवतो.

थरथरणाऱ्या कप्प्यातले रक्त पुरते पुढे सरकत नाही. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचते आणि त्याची गुठळी होते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की अर्धांगवायूचा, म्हणजे पक्षाघाताचा, झटका येतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांचा अनेक दशके जो अभ्यास झाला, त्यातून १९९१ साली दिसले की एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. ऐंशी ते एकोणनव्वद वयोगटात तर जवळजवळ एक चतुर्थांश पक्षाघातांच्या मुळाशी एएफ होते.

पुष्कळांना काहीच जाणवत नाही. काहींना जिना चढताना दम लागतो, गळून गेल्यासारखे वाटते, चक्कर येते. आणि आपण ते 'वय झालं' म्हणून सोडून देतो. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचा जोर, मद्यपान, झोपेत श्वास अडकून मोठ्याने घोरणे ही याची नेहमीची कारणे. आपल्या देशात आणखी एक कारण आहे. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप आकसलेली असते आणि तिशी-चाळिशीतच ठोके बिघडतात. अशा रुग्णांत बायकांची संख्या मोठी असते. त्यामुळे हा निव्वळ म्हातारपणाचा आजार समजू नये.

नाडी कशी बघावी?

पाच मिनिटे शांत बसा. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट अलगद टेकवा. पूर्ण मिनिटभर मोजा. आकडा महत्त्वाचा आहेच, पण दोन ठोक्यांमधले अंतर सारखे आहे का, हे जास्त महत्त्वाचे. अंतर सतत बदलत असेल तर लगेच, आणि शक्य तर तसे जाणवत असतानाच, ईसीजी काढून घ्या. घरच्या रक्तदाबाच्या यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण उमटत असेल किंवा मनगटी घड्याळ तशी सूचना देत असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवा. घड्याळाच्या सांगण्यावरून घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. निदान ईसीजीच्या पट्टीवरच होते.

तपासण्यांना घाबरू नका

ईसीजीला काही मिनिटे लागतात आणि काही दुखत नाही. ठोके अधूनमधून बिघडत असतील तर होल्टर लावतात. छातीला चिकटवलेले छोटे यंत्र घेऊन दिवसभर घरातली कामे करायची, झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी ते परत द्यायचे. टू-डी इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत झडपा, कप्प्यांचा आकार आणि हृदयाची ताकद दिसते. सोबत थायरॉइड, मूत्रपिंड, क्षार आणि हिमोग्लोबिनच्या रक्ततपासण्या होतात. कधी कधी घशातून नळी घालून इको करावी लागते, कारण गुठळी आहे का हे तिथून स्पष्ट दिसते. हिचा त्रास थोडा वेळच होतो. आधी घशाला बधिर करणारे औषध मारतात.

एएफ म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. म्हणून प्रत्येकाला अँजिओग्राफी लागतेच असे नाही. 'ही तपासणी कशासाठी, तिच्यातून काय ठरणार?' हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. प्रश्न घरी कागदावर लिहून न्या आणि सोबत कुणीतरी असू द्या. दवाखान्यात ऐकलेले अर्धे बाहेर पडेपर्यंत विसरायला होते.

गोळी सोडू नका

उपचाराचे तीन भाग असतात. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग गुठळी होऊ न देण्याचा, म्हणजे रक्त पातळ करण्याच्या गोळीचा. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, आधी झालेला पक्षाघात, रक्तवाहिन्यांचे आजार यांचे गुण मांडून डॉक्टर ती कुणाला द्यायची हे ठरवतात. वॉरफेरिनसारख्या गोळीने पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने घटतो. ॲस्पिरिनने तो जेमतेम एक पंचमांश कमी होतो. 'मी ॲस्पिरिन घेतोच की' या समजुतीवर विसंबून राहू नका.

आपल्याकडे एसिट्रोम आणि वॉरफेरिन या जुन्या गोळ्या बरेच रुग्ण घेतात. त्यांच्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते आणि सर्वसाधारणपणे तो आकडा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात. डॅबिगॅट्रान, रिवारोक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. पेटंट संपल्यामुळे यांतल्या काही गोळ्या भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक रूपात पूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. मात्र झडप बरीच आकसलेली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवली असेल, तर जुनीच गोळी घ्यायची असते. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली भारतासह अनेक देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या या रुग्णांत नव्या रिवारोक्साबानपेक्षा जुनी गोळी सरस ठरली, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा शेजाऱ्याची नवी गोळी बघून आपली बदलू नका.

दुसरा भाग ठोक्यांचा वेग आवरण्याचा आणि तिसरा लय पुन्हा जुळवण्याचा. त्यासाठी औषधे आहेत, विजेचा नियंत्रित धक्का आहे, आणि अब्लेशन, म्हणजे हृदयात नळी नेऊन भलत्या इशाऱ्यांची वाट बंद करणे, हा उपाय आहे. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातले डॉ. मिशेल हाइसागेर यांच्या चमूने १९९८ साली दाखवून दिले की हे भलते इशारे मुख्यतः फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमध्ये उठतात. आजची अब्लेशन त्याच शोधावर उभी आहे. ती कुणाला लाभेल आणि कधी करावी, हे तज्ज्ञांशी बोलून ठरवा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात निदानानंतर वर्षभरात लय सांभाळण्याचे उपचार सुरू केलेल्यांना फायदा झाला. 'बघू पुढे' म्हणत वर्षे घालवू नका.

पण लय जुळली, धडधड थांबली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करणे, ही सर्वांत घातक चूक आहे. अमेरिका व कॅनडातल्या चार हजारांवर रुग्णांच्या २००२ सालच्या अभ्यासात ज्यांना पक्षाघात झाला, त्यांतल्या बहुतेकांनी वॉरफेरिन थांबवलेले होते किंवा त्यांचा आयएनआर पुरेसा नव्हता. ठोके अधूनमधूनच बिघडत असले तरी गुठळीचा धोका असतोच.

रक्तस्रावाची भीती खरी आहे, मलाही वाटते. तिच्यावर उपाय आहेत. रक्तदाब काबूत ठेवा, दारू टाळा. हिरड्यांतून किरकोळ रक्त आले तर डॉक्टरांना कळवा. काळी शौच, लालसर लघवी, डोक्याला मार, न थांबणारा रक्तस्राव असे काही झाले तर थेट रुग्णालय गाठा.

माझ्या विनंत्या

१. रुग्णांनी गोळीची वेळ चुकवू नये. उपवास, लग्नसराई, वारी, प्रवास काहीही असो. रिवारोक्साबानचा नेहमीचा डोस जेवणासोबतच घ्यायचा असतो, त्यामुळे नवरात्राचे उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. एसिट्रोम किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालक, मेथी, अळू बंद करू नये; दर आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. अर्जुनसाल, काढे, चूर्णे घेत असाल तर लपवू नका.

२. कुटुंबीयांनी गोळीचे नाव, ताकद आणि वेळ एका कार्डावर लिहून ते रुग्णाच्या पाकिटात ठेवावे. 'काही होत नाही, सगळं मनाचं आहे' असे म्हणू नये. धडधडीने माणूस खरोखर घाबरतो. त्याला सोबत हवी असते.

३. औषध दुकानदारांनी एसिट्रोमची ताकद चिठ्ठीशी ताडून बघावी. एक, दोन, तीन, चार मिलिग्रॅमच्या गोळ्या वेगवेगळ्या असतात आणि अदलाबदल महागात पडते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशी वेदनाशामके चिठ्ठीशिवाय देऊ नयेत.

४. फॅमिली डॉक्टरांनी प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाची नाडी हाताने बघावी. दात काढणे, मोतीबिंदू, कमरेतले इंजेक्शन यांआधी रुग्णाने आपली गोळी सांगावी आणि ते उपचार करणाऱ्या आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ती चालू ठेवायची की थांबवायची, किती दिवस, हे लिहून द्यावे.

५. एसिट्रोम किंवा वॉरफेरिन घेणाऱ्या तरुण मुलींनी गरोदर राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे. या गोळ्यांनी गर्भाला अपाय होऊ शकतो.

६. मुलांचा घसा दुखून ताप येत असेल आणि मागाहून सांधे सुजत असतील, तर शाळेने आणि पालकांनी ते हलक्यावर घेऊ नये. वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर झडप वाचू शकते.

७. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला भेटावे. दाखल होऊन करायचा आपला उपचार योजनेत बसतो का, ते तिथे कळते.

८. मंडळांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी शिबिरात नाडीचे टेबल मांडावे. २९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन आणि २९ ऑक्टोबरचा जागतिक पक्षाघात दिन त्यासाठी योग्य आहेत. सकाळी फिरायला जमणाऱ्या गटांनी महिन्यातून एकदा एकमेकांची नाडी बघितली तरी मोठे काम होईल.

घरात सर्वांनी पाठ करून ठेवावे

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी काहीही घडले तर तेलमालीश आणि घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पाणी किंवा औषध पाजू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे कधी सुरू झाली आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी कधी घेतली, या दोन वेळा तिथे आधी सांगा, कारण पुढचा उपचार त्यांवर ठरतो.

एएफ झालेला माणूस कामावर जातो, प्रवास करतो, नातवंडांना खेळवतो, पंगतीला बसतो. त्यासाठी आजार वेळेवर कळावा लागतो आणि गोळी चालू राहावी लागते. आज हे वाचून झाल्यावर आपली नाडी बघा, मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची बघा. लय चुकते आहे असे वाटले तर उद्याच ईसीजी काढा. हे आवाहन सोसायटीच्या फलकावर, देवळाच्या पारावर, दवाखान्याच्या बाकापाशी लावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आपली नम्र,
एएफसह जगणारी एक ज्येष्ठ नागरिक