अर्ज आधी, राजीनामा नंतर

बारामतीत २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात डॉक्टरकीचा हिशेब बदलला. लोणी भापकरच्या पोराला एमबीबीएस करायचे तर पुणे, मिरज नाहीतर सोलापूर, खोली भाड्याने आणि मेस वेगळी, असे जे समीकरण होते ते एसटीच्या पासावर आले. जागा शंभर. पण त्या शंभरांकडे डोळे लावून बसलेले सगळेच सतरा-अठराचे नाहीत. उपकेंद्रात वर्षानुवर्षे लसीकरण आणि बाळंतपणे केलेल्या सिस्टर आहेत. लष्करात नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी करून गावी परतलेले जवान आहेत. बारावीला उत्तम गुण मिळवूनही लग्न ठरले म्हणून शिक्षण सोडलेल्या सुना आहेत. ‘आता या वयात?’ हे यातल्या प्रत्येकाला आधी घरातच ऐकून घ्यावे लागते.

घराला दोष देण्याआधी सरकारचे पाहू. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने नीटला वयाची अट घातली. खुल्या वर्गाला २५, राखीव वर्गांना ३०. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ती वैध ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरात पंचविशी ओलांडलेल्यांना पुढच्या परीक्षेला तात्पुरते बसू दिले, आणि कौन्सिलची जागा घेतलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२मध्ये अट काढूनच टाकली. आज किमान वय १७ आहे, कमाल काही नाही. गंमत म्हणजे एकेकाळी याच परीक्षेत थोरलेपणाला मान होता. २०२०मध्ये दोघांना ७२०पैकी ७२० गुण पडले तेव्हा इतर कसोट्यांवरही निकाल लागेना आणि पहिला क्रमांक वयाने मोठ्या असलेल्याला मिळाला. पुढच्याच वर्षी तो नियम गेला.

२५ हा आकडा ठरवणाऱ्यांनी रखमाबाईंचे चरित्र चाळले असते तर बरे झाले असते. जन्म १८६४, लग्न अकराव्या वर्षी. नांदायला नकार दिला म्हणून नवऱ्याने १८८४मध्ये दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, १८८७मध्ये उलटला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असे न्यायालयाने बजावले तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि १८८९मध्ये त्या वैद्यक शिकायला लंडनला निघाल्या. वय २४, पंचविशीला काही महिने उरलेले. खटला वर्षभर लांबला असता तर २०१८च्या मापाने त्या अपात्र ठरल्या असत्या. १८९४मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट इथे सुमारे ३५ वर्षे त्यांनी रुग्णसेवा केली. उशिरा येणारा समाजाला थोडीच वर्षे देतो, हा आक्षेप इथे तरी टिकत नाही. अल्बर्ट श्वाइट्झर यांनीही तिशीत वैद्यकाचा अभ्यास सुरू केला आणि पुढे आफ्रिकेतल्या लांबारेनेत रुग्णालय उभारले. आपल्याकडे उशीर बहुधा आळसाने होत नाही. मधली वर्षे कुणीतरी घेतलेली असतात, कधी सासरने, कधी कर्जाने, कधी कोर्टाने.

मग अर्ज कधी करावा? आमच्या मते थोराड उमेदवाराची चूक होते ती क्रमात. तो आधी नोकरी सोडतो, बारामती किंवा लातूरचा क्लास लावतो, आणि मग आपल्याला भौतिकशास्त्र किती आठवते ते पाहतो. वास्तविक नीटचा अर्ज ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. २०२५मध्ये खुल्या वर्गाचे शुल्क १७०० रुपये होते. प्रयत्नांना मर्यादा नाही, मागच्या वर्षीचे कमी गुण पुढच्या वर्षी कुणी मोजत नाही. पगार सुटणे मात्र महाग पडते. म्हणून नोकरीत राहून एक परीक्षा द्यावी, आपले गुण आणि आपल्या प्रवर्गाचा राज्य कोट्यातला कटऑफ शेजारी ठेवावा आणि अंतर बघून राजीनाम्याचा विचार करावा. दीडशे-दोनशे गुणांचे अंतर एका वर्षाच्या सुट्टीने भरून निघेल, असे सांगणाऱ्या क्लासच्या फलकावर विश्वास ठेवू नये. बारावीला जीवशास्त्र नव्हते म्हणून हात टेकलेल्यांनी एक लक्षात घ्यावे. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये दार उघडले आहे.

दुसरा हिशेब बाहेर पडतानाच्या वयाचा. साडेचार वर्षे अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, वर भरीस सरकारी महाविद्यालयाची वर्षभराची बंधपत्रित सेवा. अठ्ठाविसाव्या वर्षी प्रवेश घेतलेली सिस्टर यातून मोकळी होते ती पस्तिशीच्या जवळ. पुढे एमडीची तीन वर्षे धरली तर अडतीस. राज्याच्या सरळसेवा भरतीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. म्हणजे नीटच्या दारातून काढलेली पाटी नोकरीच्या दारावर शाबूत आहे. तिशीपलीकडच्याने एमबीबीएसवर थांबायचे की पुढे जायचे, हे आधीच ठरवून मग फॉर्म भरावा.

एक आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. २०२४मध्ये २३ लाखांहून अधिक मुले नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखापेक्षा थोड्याच जास्त. अशा टंचाईत २०२०मध्ये ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने ६४व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा कौतुकाबरोबर कुरकुरही झाली. ती कुरकुर अगदीच अनाठायी म्हणवत नाही, जनतेच्या पैशातून तयार होणारा डॉक्टर किती काळ काम करेल हे विचारण्याचा जनतेला हक्क आहे. पण म्हणून विशी-तिशीतल्यांनाही त्याच तराजूत घालायचे, हा अतिरेक झाला. शिवाय अठराव्या वर्षी आत गेलेला मुलगा पदव्युत्तर पदवी घेऊन पुण्याबाहेर पाऊल टाकत नाही, तेव्हा त्याची उरलेली चाळीस वर्षे लोणी भापकरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या काय कामाची?

ज्यांना गाव आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी सरकारकडे आज काहीही नाही. सेवेतल्या एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्यात राखीव जागा आहेत. त्याच केंद्रातल्या परिचारिकेला एमबीबीएससाठी एकही नाही. अध्ययन रजेचा नियम सबंध सेवेत मिळून दोन वर्षांपर्यंत जातो, अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी सिस्टरना तर तेवढीही रजा नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी चार वर्षांचे वेगळे वैद्यकीय अभ्यासक्रम आहेत, तिथे आधीच्या शिक्षणाला किंमत मिळते. आपल्याकडे बीएस्सी नर्सिंग झालेलीलाही शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते.

अभ्यासक्रमाची लांबी दिल्लीत ठरते, तिथे मुंबईचा इलाज चालणार नाही. रजा आणि भरतीचे वय मात्र राज्याच्या हातात आहे. ग्रामीण केंद्रात पाच वर्षे काढलेल्या आणि नीटच्या गुणवत्तेवर प्रवेश मिळवलेल्या परिचारिकेला पूर्ण अभ्यासक्रमापुरती बिनपगारी रजा आणि सेवेतला हक्क कायम ठेवावा, बदल्यात डॉक्टर झाल्यावर पाच वर्षे त्याच तालुक्यात सेवेची हमी घ्यावी, आणि अशा उमेदवाराला ३८ची अट लावू नये. तिजोरीवर याचा भार जवळपास शून्य. येत्या फेब्रुवारीत नीटचे अर्ज सुटण्याआधी आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन खात्यांनी एकत्र बसून एवढा शासन निर्णय काढावा.