गणवेशाची सक्ती कोणावर?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकहो,

गणवेशाची सक्ती असावी की नसावी, यावरून आमच्या सातवीच्या वर्गात दोन तट पडले आहेत. माझे मत मी आधीच सांगून टाकते. गणवेश असावा. पण सक्ती करायचीच तर ती आधी देणाऱ्यावर करावी, मग घालणाऱ्यावर.

असावा का, ते सांगते. वाढदिवसाला मुले रंगीत कपडे घालून येतात. गुरुजी टाळ्या वाजवायला लावतात, सगळा वर्ग बघतो, छान वाटते. पण काही मुलांचा वाढदिवस कधी येतच नाही! शाळेच्या दप्तरात त्यांची जन्मतारीख असते, पण त्या दिवशी ती गणवेशातच येतात आणि कोणाला काही बोलत नाहीत. कारण घालायला नवे काही नसते. ही झाली वर्षातल्या एका दिवसाची गोष्ट. गणवेश नसता तर हे रोजच झाले असते. कोणाचा सदरा नवा, कोणाचा मामाने आणलेला, कोणाचा थोरल्या भावाचा, हे रोज बघितले गेले असते. तुम्ही म्हणाल, चपलांवरून आणि पिशवीवरून कळतेच की. कळते खरे. पण प्रार्थनेच्या रांगेत मागून पाहिले तर कोण कोणाच्या घरचा ते ओळखू येत नाही, हे काय थोडे आहे?

टाय आणि बुटांचे मात्र मला काही सांगू नका. एप्रिलच्या उन्हात गळ्यात टाय बांधून गाडीत कोंबलेली पोरं पाहिली की त्यांचीच कीव येते. टायने पाढे पाठ होत नाहीत.

आता सक्तीचे बघू. लंडनमध्ये 1552 साली गरीब मुलांसाठी ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली. नाव हॉस्पिटल, पण आहे शाळा. तिथल्या मुलांना निळा लांब कोट शाळाच देत असे. म्हणजे आधी कपडा दिला, मग घालायला सांगितला. हा क्रम मला पटतो.

आपल्याकडेही समग्र शिक्षा योजनेतून दोन जोड मिळतात. एका जोडाला 300 रुपये धरलेले आहेत. महाराष्ट्रात 2023 साली ते जिल्हा परिषद शाळांतल्या पहिली ते आठवीच्या सर्वच मुलामुलींना द्यायचे ठरले. फार चांगले झाले. पण जरा हिशेब करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा वर्षात निदान 220 दिवस भरली पाहिजे. म्हणजे एक जोड 110 दिवस अंगावर! त्यात कबड्डी आली, चिखल आला, आणि आषाढ-श्रावणात तर धुतलेला कपडा वाळतच नाही. चुलीवरच्या दोरीवर टाकला तर धुराचा वास येतो. अशा दिवशी कोणी निळ्याऐवजी हिरवे घालून आला तर काय बिघडले?

त्याहून मोठी गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची. दिवाळीच्या सुमारास ती आईबापाबरोबर कारखान्याकडे जातात, कोपीत राहतात, आणि पट्टा पडला की परत येतात. तोवर गणवेश आखूड झालेला असतो, नाहीतर फाटलेला. अशा मुलाला दारातच "गणवेश कुठाय?" विचारले तर तो दुसऱ्या दिवशी येईल का? त्याच कायद्याच्या 17 व्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. चारचौघांत उभे करून कपड्यांवरून बोलणे हा त्रासच झाला.

पालकहो, आता तुमच्याकडे येते. 2024-25 साली राज्यात एकाच ठिकाणाहून कापड आणून बचत गटांकडून गणवेश शिवून घेण्याचे ठरले होते. बऱ्याच ठिकाणी ते उशिरा पोहोचले, कुठे मापे चुकली. डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय बदलला, आणि 2025-26 पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. समितीत चारांतले तीन सभासद पालकच असतात. म्हणजे देणारे आता तुम्हीच!

तेव्हा मापे परीक्षा संपायच्या आत घ्या, म्हणजे जूनमध्ये पहिल्या दिवशी कपडे हातात पडतील. सातवीतून जाणाऱ्यांचे चांगले जोड धुऊन शाळेतल्या एका पेटीत ठेवू, मध्येच परत येणाऱ्यांना त्यातून देता येतील. माझा एक जोड मी देणार आहे, बाकीच्यांनी आपापले बघावे. आणि शिंप्याला सांगा, खालच्या दुमडीत चार बोटे कापड आत ठेव. आम्ही दिवाळीपर्यंत वाढतो.

— सातवीतील एक विद्यार्थिनी