टोस्टर भंगारात देण्याआधी

जुने रेडिओ, कॅमेरे, घड्याळे गोळा करणाऱ्यांच्या यादीत जगभर आणखी एका साध्या वस्तूला जागा मिळाली आहे. ती म्हणजे विस्तवावर धरायचा, लांब दांड्यांचा सँडविच टोस्टर. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत असे जुने टोस्टर हौसेने शोधले जातात, पेटंट आणि जाहिराती पाहून त्यांचे साल ठरवले जाते, मूळ खोक्यासकट मिळालेला नग जपून ठेवला जातो. आपल्याकडे मात्र हाच टोस्टर अजून कामावर आहे. मुंबईच्या सँडविचवाल्याच्या शेगडीवर तो दिवसभर तापतो, भांड्यांच्या दुकानात नवा मिळतो आणि कित्येक घरांत ओट्याखालच्या कप्प्यात पडून असतो. रोजच्या पाहण्यातला असल्यामुळे त्याच्याकडे संग्रहाची वस्तू म्हणून कोणी पाहत नाही. माझे म्हणणे नेमके उलट आहे. वस्तू कामावर असताना, ती बनवणारे, वापरणारे आणि दुरुस्त करणारे भेटू शकतात तोवरच तिचा संग्रह आणि तिची नोंद व्हायला हवी. जुन्या आठवणींचा उमाळा हे त्याचे चांगले निमित्त आहे, पण तेवढ्यावर थांबून भागणार नाही.

परदेशात काय घडले ते आधी पाहू. ऑस्ट्रेलियात सिडनीतल्या बाँडाय इथल्या डॉ. अर्नेस्ट स्मिदर्स यांनी १९४९ साली अशा टोस्टरचे पेटंट घेतले आणि तो तिकडे ‘जॅफल आयर्न’ म्हणून घरोघरी गेला. दोन खोलगट वाट्या, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या बाजूला लांब दांडे आणि मध्ये लोणी लावलेल्या दोन स्लाइस अशी त्याची रचना. वाट्या मिटल्या की पावाच्या कडा दाबल्या जाऊन चिकटतात आणि सारण आत बंद होते. अमेरिकेत साधारण त्याच काळात ‘टोस-टाइट’ नावाचा गोल टोस्टर विकला जात होता. पुढे १९७४ मध्ये ब्रेव्हिल या ऑस्ट्रेलियन कंपनीने विजेवर चालणारा सँडविच टोस्टर आणला, तो अफाट खपला आणि हातात धरायचा टोस्टर स्वयंपाकघरातून हटला. पण तो संपला नाही. रानात तंबू ठोकून राहणाऱ्यांनी, शेकोटीभोवती बसणाऱ्यांनी तो चालू ठेवला. टोस-टाइटचे तर अलीकडे पुन्हा उत्पादन सुरू झाले. यात आपल्या कामाचा मुद्दा असा की त्या टोस्टरमागे पेटंटचे कागद होते, जाहिराती होत्या, कंपनीची नावे होती. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांनी लोकांना त्यांची आठवण झाली तेव्हा ती पडताळून पाहायला साधने हाताशी होती. आपल्याकडच्या टोस्टरमागे असे काहीच नाही. भारतातला पहिला टोस्टर कुणी ओतला, कुठल्या गाळ्यात त्याचा साचा बनला, हे सांगणारा कागद सहजी हाती लागत नाही. अनेक नगांवर ना वर्ष असते ना पत्ता. इथे माणसे आहेत तोवरच माहिती आहे.

हा टोस्टर जपण्याजोगा का, हे कळायला तो चालताना पाहावा. मुंबईचा सँडविचवाला लाकडी फळीवर ब्रेडच्या स्लाइस मांडतो, लोणी फासतो, त्यावर हिरवी चटणी. मग बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा यांच्या चकत्या पातळ कापून रचतो, प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला भुरभुरतो. मसाला टोस्ट असेल तर बटाट्याची पिवळी भाजी. टोस्टरमध्ये जोडी बसवली, दांडे मिटून कडी अडकवली की बाहेर आलेल्या कडा सुरीने सपासप उतरतात. मग टोस्टर शेगडीवर जातो. थोड्या वेळाने उलटतो, कडी काढून किंचित उघडून पाहिला जातो, पुन्हा मिटतो. या टोस्टरला तापमान राखणारी कळ नाही, दिवा नाही, घंटी नाही. वासावरून, धुरावरून आणि त्या एका उघडून पाहण्यावरून कारागीर ठरवतो. अ‍ॅल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश आणि उष्णता वाहून नेण्यात त्याच्या कितीतरी पुढे, म्हणून टोस्टर एका हाताने पेलतो आणि पटकन तापतो. पण त्याच गुणामुळे तो पटकन करपवतोही. आत बटाट्या-टोमॅटोची वाफ कोंडते, बाहेर लोण्यातली स्लाइस थेट तापल्या धातूवर भाजते. बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, ओलसर हा परिणाम त्यातून येतो. विजेच्या यंत्रात दोन्ही बाजू एकदम आणि ठरलेल्या तापमानाला भाजतात. पाव तिथेही उत्तम भाजतो, पण तिथे हाताचे कसब लागत नाही. गॅसवरच्या टोस्टरमध्ये अर्धे यंत्र धातूचे आणि अर्धे माणसाच्या हातातले असते. ते दुसरे अर्धे जपायचे तर ते हात कामावर असतानाच नोंद व्हायला हवी.

शिवाय हा टोस्टर आपल्या खाण्यापिण्याच्या इतिहासातला बोलका पुरावा आहे. तो पावाच्या लादीसाठी बनलेला नाही. चौकोनी, एकसारख्या जाडीच्या स्लाइसच्या मापाने त्याचे पोट घडले आहे आणि अशी स्लाइस कारखान्यातूनच येते. ब्रेड आपोआप कापणाऱ्या ओटो रोहवेडर यांच्या यंत्रातला ब्रेड अमेरिकेत १९२८ साली विक्रीला आला. भारतात केंद्र सरकारने १९६५ मध्ये मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि मेणकागदात गुंडाळलेला स्लाइस ब्रेड मध्यमवर्गाच्या ओळखीचा झाला. तोवर स्वयंपाकघरातली आचही बदलत चालली होती. बर्मा शेलने मुंबईत १९५५ साली सिलिंडरचा गॅस आणला. रॉकेलच्या स्टोव्हच्या भडक ज्योतीपेक्षा गॅसची ज्योत कमी-जास्त करणे सोपे, आणि टोस्टरला मंद, सारखी आच लागते. स्लाइस ब्रेड, वड्यांमधून मिळणारे लोणी आणि गॅसची शेगडी या तिन्ही गोष्टी एका ओट्यावर आल्या तेव्हा हा टोस्टर घरात रुळला. मग त्यात आपली बटाट्याची भाजी गेली, उरलेली उसळ गेली, हिरवी चटणी गेली. परक्या साच्यात आपले सारण भरण्याचा हा व्यवहार मराठी स्वयंपाकघराने इतक्या सहजपणे केला की त्याची कुठे नोंद करावी असे कुणाला वाटलेच नाही. घराघरातल्या टोस्टरच्या दांड्यावर, त्याच्या काळवंडलेल्या पाठीवर तो इतिहास आहे.

मग घाई कशाची? पहिले कारण भंगार. अ‍ॅल्युमिनियम भंगारात चांगल्या भावाने जाते, कारण ते वितळवून पुन्हा वापरायला नव्याने धातू काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. पर्यावरणाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे जुना टोस्टर अडगळीत फार काळ टिकत नाही. घर बदलताना, पुनर्विकासात इमारत रिकामी करताना तो आधी वजनकाट्यावर जातो. दुसरे कारण नवी शेगडी. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचे भांडे तापत नाही, म्हणजे ज्या घरात फक्त इंडक्शन आले तिथे हा टोस्टर त्याच दिवशी निकामी झाला. तिसरे कारण म्हणजे दुरुस्ती करणारे कमी होत आहेत. दांड्याची मूठ फुटली, बिजागरीची रिव्हेट ढिली झाली तर पूर्वी कोपऱ्यावरचा माणूस ती बसवून द्यायचा. आता नवा टोस्टर घेणे सोयीचे पडते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जी वस्तू बाजारात नवी मिळते ती दुर्मिळ नाही, मग तिचा संग्रह कशाला? याला उत्तर आपल्याच पुण्यात आहे. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली तेव्हा अडकित्ते, दिवे, फण्या, स्वयंपाकाची भांडी या गोष्टी घरोघरी होत्या. त्या गोळा करणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा होती. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभे राहणाऱ्या तरुणांपैकी अनेकांनी अडकित्ता हातात धरलेला नसतो. अहमदाबादेत सुरेंद्र पटेल यांनी भंगारात वितळायला निघालेली भांडी वाचवून १९८१ मध्ये ‘विचार’ हे भांड्यांचे संग्रहालय उभारले. दुर्मिळ होईपर्यंत थांबणारा संग्राहक बहुतेकदा फक्त वस्तू मिळवतो, तिच्याभोवतीची माहिती तोवर हरवलेली असते. सामान्य असताना जमवणाऱ्याला दोन्ही मिळतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मान्य करावासा वाटतो. जुन्या टोस्टरची आठवण गोड वाटते ती कुणाला? बहुतेकदा खाणाऱ्याला. हा टोस्टर एका वेळी एकच सँडविच करतो. घरात पाच माणसे असतील तर चार जण खाऊन उठेपर्यंत एक जण गॅसपुढे उभी असते, आणि ती कोण हे सांगायची गरज नाही. विजेच्या चार स्लाइसच्या यंत्राने तिचे हाल कमी केले असतील तर ते चांगलेच झाले. सँडविचवाल्याचेही तेच. कोळशाच्या धगीसमोर आणि धुरात दिवसभर उभे राहणे हे चित्रात शोभून दिसते, पण ते कष्टाचे काम आहे. मुंबईच्या हवेचा प्रश्न वेगळाच. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, ते योग्यच होते. पण या आक्षेपाने संग्रहाची बाजू पडत नाही, उलट त्याचे काम स्पष्ट होते. जो संग्रह फक्त चव सांगतो आणि उभे राहणाऱ्याचे पाय विसरतो, तो अर्धवट आहे. टोस्टरबरोबर ती उभी राहणारी बाई, तो फेरीवाला, त्याचे भाडे, त्याचा परवाना, त्याची शेगडी हेही नोंदले गेले पाहिजे. कोळसा जावा आणि टोस्टर राहावा, यात विरोध नाही. गॅसच्या ज्योतीवर तो तितकाच चांगला चालतो.

तिसरा आक्षेप आरोग्याचा. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत, हा सल्ला आपल्या पोषणतज्ज्ञांनी दिला आहे आणि तो पाळावा. टोस्टरमध्ये मात्र चटणी-टोमॅटो आत असतात, धातूला टेकतो तो लोणी लावलेला पाव, आणि तोही काही मिनिटे. तेवढ्यावरून चांगल्या स्थितीतला टोस्टर फेकून द्यायचे कारण मला दिसत नाही. आतून खड्डे पडलेला, गंजाच्या पांढऱ्या डागांचा किंवा काळा लेप सोलून निघणारा जुना नग मात्र फक्त पाहण्यापुरता ठेवावा, त्यात खाऊ नये. हा फरक संग्राहकाने स्वतः करायला हवा, कारण वापर हाच ज्या वस्तूचा अर्थ आहे ती कपाटात बंद ठेवली की तिचे निम्मे मोल जाते. चालणारा टोस्टर अधूनमधून आचेवर चढला पाहिजे.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. घरात गॅसवरचा टोस्टर असेल तर तो भंगारात देण्याआधी थांबा. तो कधी आणि कुठून घेतला, किती रुपयांना, त्यात पहिल्यांदा काय केले, मूठ कोणी बदलून दिली, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा आणि एका कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. हौशी संग्राहकांनी नुसते नग मोजू नयेत. ओतकाम करणाऱ्या कारखानदारांची आणि जुन्या सँडविचवाल्यांची मुलाखत घ्यावी, त्यांची परवानगी घेऊन हात चालताना चित्रित करावेत. आपल्या संग्रहालयांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांतली गॅसची शेगडी, प्रेशर कुकर आणि हा टोस्टर यांना राजघराण्यांच्या भांड्यांशेजारी जागा द्यावी, कारण बहुसंख्य मराठी घरांचा इतिहास या वस्तूंनी घडवला आहे. पेशव्यांच्या काळातल्या पानदानाबद्दल आज आपण अंदाज बांधतो, कारण तेव्हा विचारून ठेवायला कुणी गेले नाही. टोस्टरबाबत अंदाज बांधायची वेळ येऊ देण्याचे कारण नाही. ज्यांना सारे ठाऊक आहे ती माणसे आज आपल्या घरात आणि आपल्या नाक्यावर आहेत. त्यांना विचारायला याच आठवड्यात सुरुवात करा.