लाडबोरीचे कडे आणि मंगळाचा खर्च

२ एप्रिल २०२२ च्या रात्री आठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे सरकताना अनेकांनी पाहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पवनपार परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचे हे अवशेष असावेत, असे अभ्यासकांचे मत पडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

माणसाला मंगळावर स्वस्तात व पुन्हा पुन्हा कसे पाठवावे, याची चर्चा आज जगभर चालू आहे. हा विषय वाचकांना दूरचा वाटेल. पण लाडबोरीने तो आपल्या अंगणात आणून ठेवला आहे.

आपले मंगळयान अवघ्या ४५० कोटी रुपयांच्या खर्चात २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्याचा अभिमान रास्तच आहे. मात्र त्यावरील उपकरणांचे वजन सुमारे १५ किलो होते आणि त्याला परतावयाचे नव्हते. माणसाला हवा, पाणी, अन्न व परतीचे इंधन लागते.

म्हणून दोन मार्ग शोधले जात आहेत. पहिला, वाहन फेकून न देता पुन्हा वापरण्याचा. लाडबोरीच्या घटनेनंतर बरोबर एका वर्षाने, २ एप्रिल २०२३ रोजी, इस्रोचे पंखधारी यान हेलिकॉप्टरमधून सोडल्यावर चित्रदुर्गजवळील धावपट्टीवर आपोआप उतरले. दुसरा मार्ग, तेथील साधनांवर जगण्याचा. नासाच्या यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. एका माणसाला दिवसाकाठी आठशे ग्रॅमहून अधिक लागतो. वाट लांबची आहे, हे उघड आहे.

जंगल राखले तरच त्यावर जगता येते, हे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने केव्हाच ओळखले. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या या ग्रामसभेचा धडा अंतराळालाही लागू पडतो.

रॉकेटच्या अवशेषांनी जमिनीवर नुकसान झाल्यास ते सोडणारा देश जबाबदार, असे १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. पण ही भरपाई नुकसानीनंतरची. टाकून दिलेल्या वस्तूची विल्हेवाट मोहिमेच्या खर्चातच आधी धरली जावी, असे आम्हांस वाटते. तसे न केल्यास मोहीम स्वस्त होत नाही. तिची किंमत लाडबोरीसारख्या गावांच्या माथी येते, इतकेच.