'मनावर घेऊ नकोस' एवढ्याने भागत नाही

जूनमध्ये वसतिगृहात नवी मुले येतात, तेव्हा दिवे मालवल्यावर कोणा ना कोणाचे मुसमुसणे ऐकू येते. घराची ओढ त्यात असतेच. पण पूर्वी कोठेतरी आडनाव विचारून मिळालेली वागणूकही पुष्कळदा असते. "मनावर घेऊ नकोस," असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आज तो उपदेश आम्हांस अपुरा वाटतो.

रिचर्ड लॅझारस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडले की, ताण केवळ घटनेतून येत नाही. तिचा आपण लावलेला अर्थ आणि तिला तोंड देण्याच्या आपल्या शक्तीचा अंदाज, यांतून तो घडतो. संयुत्तनिकायातील दोन बाणांचा दृष्टान्त हेच सुचवितो: पहिला बाण टळत नाही, दुसरा मन स्वतःस मारून घेते.

१९१७ साली बडोद्यात उच्चविद्याविभूषित बाबासाहेबांना पारशी खानावळीतून काठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावले. मित्रांनीही आसरा दिला नाही. कामाठी बागेत बसून त्यांना अश्रू आवरले नाहीत. अठरा वर्षांनंतर तो प्रसंग लिहितानाही डोळे भरून येतात, अशी त्यांची नोंद आहे. म्हणजे वेदना पुसली गेली नाही. मात्र 'दोष माझा' असा अर्थ त्यांनी लावला नाही. दोष व्यवस्थेचा ठरविला, आणि दहा वर्षांत महाडचे चवदार तळे गाठले. अर्थ बदलणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे, हे यातून शिकावे.

परंतु अर्थ लावणारा मेंदूही थकतो. तीव्र नैराश्यात कपाळामागील विचार व संयम सांभाळणाऱ्या भागाचे कार्य मंदावते, भीतीची केंद्रे वरचढ होतात. तेव्हा उपदेश पुरत नाही, उपचार लागतात. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदनांनी मेंदू उद्दीपित करण्याचे तंत्र निघाले. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेने २००८ साली त्यास मान्यता दिली. यात रुग्ण जागा असतो, भूल द्यावी लागत नाही. 'शॉक' या शब्दाची धास्ती घेणाऱ्या पालकांनी हेही जाणावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीविना विद्युत्-उपचारास बंदी केली आहे. अल्पवयीनांना तर पालकांची संमती व मंडळाची पूर्वपरवानगी यांविना तो देताच येत नाही.

आपल्या रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. तरीही त्याचे नाव आपण थट्टेसाठी वापरतो आणि गरज पडली की भगताकडे धावतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांना हे शोभत नाही. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेला असावा.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच: वर्षातून एकदा वसतिगृहात या. आपण कोठे कोसळलो, कोणाची मदत घेतली आणि कसे सावरलो, हे मुलांना मोकळेपणाने सांगा. रात्री मुसमुसणाऱ्या मुलाला उपदेशापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.